अण्णांच्या सुरीला चामड्याचं म्यान: पहिलं फसलं, दुसरं जमलं (आणि तीन प्रश्न)

तेरणाकाठ
रविवार, १८ मे, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार.

आमच्या अण्णांची एक सुरी आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी, १९९५ साली, गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून जीपच्या मोडक्या पाट्याची करून घेतलेली. पातं साडेपाच इंच, रुंदी सव्वा इंच, पाठ ४ मिलिमीटर. मूठ बाभळीची, हात लागून लागून काळी गुळगुळीत झालेली. कडब्याच्या पेंढ्यांचे आळे, ठिबकच्या नळ्या, पोत्याची सुतळी, दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा, सगळं तिच्यावर चालतं.

म्यान मात्र तिला कधीच नव्हतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि वरून सुतळी. मागच्या सुगीत बांध उतरताना अण्णांचा पाय घसरला, ट्यूब फाडून टोक मांडीत गेलं. पाच टाके पडले. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की हिला म्यान करायचं, आणि ते मी स्वतःच करायचं.

चामड्याला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. मित्राच्या फर्निचरच्या दुकानात सोफ्याच्या चामड्याचे तुकडे पडून होते, ते आणले. मऊसूत, जेमतेम दीड मिलिमीटर. दोन तुकडे कापले, कडेनं रबर सोल्युशन लावलं, गोधडीच्या सुईनं शिवलं. दिसायला छान झालं होतं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी सुरी आत घातली आणि धार सरळ शिवणीवरून फिरली. आठ टाके एका झटक्यात तुटले. नशीब की त्या वेळी म्यान हातात होतं, कमरेला नव्हतं.

ते घेऊन मी तालुक्याच्या स्टँडवर गटई काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी म्यानात बोट घालून पाहिलं, चामडं दोन बोटांत चुरगाळलं आणि म्हणाले, "पोरा, तू सुरीला सदरा शिवलालास. तिला वहाण शिव."

त्या एका वाक्यानं माझं काम मार्गी लागलं. त्यानंतर चार रविवार मी त्यांच्या पेटीशेजारी बसलो. तिथं जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण मला सुरुवातीला हे मराठीत कुठंच सापडलं नाही.

चामडं. सोफ्याचं, पर्सचं, जॅकेटचं चामडं बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते मऊ राहतं, ओलं करून दिलेला आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी लोखंड गंजतं. म्यानाला लागतं ते सालीत कमावलेलं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या पाण्यात मुरवलेलं. ओळखायची खूण काकांनी दाखवली: कापलेली कड बघायची. क्रोमच्या पोटात निळसर राखाडी रेघ असते. सालीचं आरपार तपकिरी. वरून पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं चामडं तो पिऊन गडद होतं. जाडी ३ मिलिमीटर हवी. मला काकांच्याच ओळखीनं सोलापूरहून चपलांच्या तळाचा म्हशीचा तुकडा मिळाला.

आराखडा. आधी कागद. सुरी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, पाठीच्या बाजूनं कागद दुमडायचा, म्हणजे शिवण फक्त धारेच्या बाजूला येते. पात्याला जाडी असते हे मी विसरलो होतो, त्यामुळे पहिल्या कागदात सुरी अर्धीच गेली. धारेच्या बाजूला मधल्या पट्टीची रुंदी आणि वर पात्याची जाडी एवढी जागा सोडा. मूठसुद्धा निम्मी तरी आत बसली पाहिजे, नाहीतर वाकल्यावर सुरी बाहेर येते.

मधली पट्टी. हा म्यानाचा जीव. दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूनं, त्याच चामड्याची १२ मिलिमीटर रुंदीची पट्टी घालायची. शिवण बाहेरच्या कडेपासून ४ मिलिमीटर आत. म्हणजे धार पट्टीवर टेकते आणि दोऱ्यापर्यंत पोचायला तिला ८ मिलिमीटर चामडं कापावं लागतं. माझ्या पहिल्या म्यानात ही पट्टीच नव्हती. चिकटवताना चामड्याची गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरनं खरवडून घ्या, सोल्युशन दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा.

आणि कमरेला अडकवायची पट्टी आधी शिवा. म्यान मिटल्यावर आत हात जात नाही. काकांनी सांगूनही मी हे विसरलो आणि चिकटवलेलं पुन्हा उकललं.

शिवण. कडेला समांतर रेघ, कंपासपेटीतल्या कर्कटकानं ५-५ मिलिमीटरवर खुणा. तीन पदर मिळून ९ मिलिमीटर होतात. त्यातून आरी सरळ घालणं नवख्याला जमत नाही, मागच्या बाजूला भोकं नागमोडी येतात. मी दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं पाडली. मग एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया, एक इकडून एक तिकडून. काका स्वतः आकड्याच्या आरीनं शिवतात, त्यांची शिवण माझ्या दहापट वेगानं होते. पण ते म्हणाले, "तुझ्याकडं वेळ हाय, दोन सुयांनीच शिव. एक दोरा तुटला तर दुसरा धरून ठेवतो."

दोरा किती? चौपट घ्या असं सगळे सांगतात. माझा दोरा शेवटच्या दहा टाक्यांना संपला. रात्री बसून हिशोब केला: एका टाक्याला प्रत्येक सुई ५ मिलिमीटर पुढं जाते आणि ९ मिलिमीटर जाडीतून पार होते, म्हणजे १४. दोन सुयांचे २८. पाच मिलिमीटर शिवणीला २८ मिलिमीटर दोरा, म्हणजे साडेपाच पटीहून जास्त. त्यात शेवटी तीन भोकं उलट शिवून गाठ बसवायची. तीन पदरांच्या म्यानाला सातपट दोरा घ्या. चौपटीचा हिशोब पातळ चामड्याचा आहे.

शिवून झाल्यावर म्यान पाण्यात बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. सुरीला तेल लावून, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून आत घातली आणि चमच्याच्या पाठीनं मुठीभोवती दाबत बसलो. तासाभरानं सुरी काढली. दीड दिवस माजघरात सावलीत वाळवलं. बाहेर ४२ अंश होतं, उन्हात ठेवायची हिंमत केली नाही. आता सुरी आत जाताना शेवटच्या अर्ध्या इंचाला 'टक्' होऊन बसते. म्यान उलटं धरून झटकलं तरी पडत नाही.

आता माझे प्रश्न.
पाण्यातून काढल्यावर म्यानावर काळे-निळे डाग आले. कशाचे?
तेल कुठलं लावू?
आणि अण्णा धोतर नेसतात. बेल्ट नाही. ही पट्टी अडकवायची कशात?

मांजराथडी
रविवार, १८ मे, रात्री १०:०२

वाचनखूण साठवली. पण फोटो दिसेनात, परत चढवा.

वाळूजकर
सोमवार, १९ मे, सकाळी ७:३५

तेरणाकाठ, पाणी कुठलं वापरलं? बोअरचं, आणि तेही लोखंडी पिंपातलं असणार.

सालीच्या चामड्यात टॅनिन असतं, म्हणजे सालीतला तुरट अंश. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून काळी शाई करायचे ती हीच क्रिया. तुमच्या पिंपातल्या गंजानं चामड्यावर शाई तयार केली. चामडं खराब झालेलं नाही. लिंबाचा रस कापडावर घेऊन डागावर फिरवा, बरेच फिके होतील, मग स्वच्छ पाण्यानं पुसा. पुढच्या वेळी जारचं पाणी आणि प्लास्टिकची बादली. ओल्या चामड्याला लोखंडी पक्कड, खिळा, काहीही लावू नका.

हे मुद्दाम काळं करायलाही वापरता येतं. व्हिनेगारमध्ये लोखंडाचा कीस आठवडाभर ठेवायचा, गाळायचा आणि चामड्यावर फिरवायचा. रंग चढत नाही, चामडंच काळं होतं, त्यामुळे हाताला लागत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून आंबटपणा मारायचा.

माझं काम पोलाद तापवण्या-विझवण्याचं, म्हणून सुरीबद्दल दोन शब्द. गाडीचा पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद. धार उत्तम धरतं आणि गंजतंही लवकर. वापरात असलेली सुरी म्यानात राहू द्या, पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस आत ठेवून विसरू नका. चामडं ओल धरतं. ठेवायचीच तर पात्याला मेण चोळून बाहेर ठेवा. आणि म्यानाच्या टोकाला खाली एक लहान भोक पाडा, आत गेलेलं पाणी निघून जाईल.

गोदाकाठची
सोमवार, १९ मे, दुपारी २:१५

तुमच्या काकांचं 'वहाण शिव' वाचून माझे आजोबा आठवले. आजोबा मोटा शिवायचे. आमच्या घराकडे पाच गावांची बलुतेदारी होती. मोट म्हणजे एवढं मोठं चामड्याचं पोहरं, बैल ओढायचे, पाणी थारोळ्यात सांडायचं आणि पाटानं रानात जायचं. विहिरीवर इंजिनं आणि मोटारी आल्या तशा मोटा गेल्या. शेवटची मोट आमच्या माळवदावर मी लहानपणी पाहिली आहे, घडी घालून ठेवलेली. घडीच्या रेषेवर तडकली होती.

आजोबा मोटेला एरंडेल लावायचे. मोट रोज पाण्यात आणि रोज उन्हात, तरी मऊ राहायची ती त्या तेलानं. तुमच्या म्यानाला मोटेइतकं मऊ करायचं नाही, कडक राहू दे. पातळ हात, एकदाच, बोटानं. रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. वरून मधमाशीचं मेण चोळा आणि हाताच्या उबेनं घासा.

कडांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आजी म्हणायची, कड उघडी तर घर उघडं. तीन पदर एकसारखे होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, मग कडेला थोडं पाणी लावून जीनच्या तुकड्यानं जोरात घोटा. कड आधी तंतू सोडते, मग तापते, मग चकाकायला लागते. चकाकली की पदर वेगळे दिसत नाहीत, एकच जाड चामडं वाटतं. तिथून पाणी आत शिरत नाही.

धोतरासाठी वादी करा. म्यानाच्या पट्टीतून अर्ध्या इंचाची लांब वादी ओवायची, कमरेभोवती सदऱ्यावरून एक वेढा, टोकाला चामड्याचीच गुंडी आणि चीर. आमच्याकडे गुराखी पोरं अशीच बांधायची. वादी मात्र पाठीच्या लांबीत कापा, पोटाच्या चामड्याची वाढत जाते.

मांजराथडी
सोमवार, १९ मे, सायंकाळी ६:२०

एरंडेल आणायला कशाला जायचं? आपल्याकडं करडईचं तेल घाण्याचं, शुद्ध. मी पायताणाला तेच लावतो.

गोदाकाठची
सोमवार, १९ मे, सायंकाळी ७:०५

दादा, पायताण रोज घासलं जातं म्हणून कळत नाही. करडई लावलेलं चामडं फडताळात ठेवून बघा, महिन्यानं चिकट लागतं आणि धूळ धरतं.

वाळूजकर
सोमवार, १९ मे, रात्री ८:४०

ताईंना +१. करडई आणि जवस ही हवेत सुकून थर धरणारी तेलं आहेत, जवस तर रंगातच वापरतात. एरंडेल तसं सुकत नाही. करडई भाजीत घाला, तिच्यासारखं तेल नाही.

नंदीग्राम
मंगळवार, २० मे, सकाळी ११:३०

छान धागा. आमच्या नांदेडात गुरुद्वाऱ्याजवळ कृपाणांची दुकानं आहेत. तिथली बरीच म्यानं आतून लाकडाची आणि वरून मखमलीची. ती वेगळी रीत, पण तत्त्व तेच: धारेनं शिवणीला शिवायचं नाही.

एक कायद्याचं. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याचा प्रश्न येतो. शेतीची आणि घरगुती कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. अण्णांची सुरी दोन्ही अर्थांनी मोकळी. तरीही यात्रेत-सभेत कमरेला लावून जाऊ नये, एवढं त्यांना सांगा.

बालाघाट
बुधवार, २१ मे, रात्री ११:४८

पहिल्यांदाच लिहितोय. खाते काढून दोन वर्षं झाली, नुसता वाचत होतो.

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातून आमच्या तांड्यावरची निम्म्याहून जास्त घरं जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. माणसाचं नाव नंतर, कोयता आधी.

दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरतो. भांडी, पालाची ताडपत्री, ज्वारीचं पोतं, शेळी, आणि लहान पोरं. कोयते पोत्यात गुंडाळून ट्रॉलीच्या कडेला खोचतात. रात्रभराचा प्रवास असतो. मी सात वर्षांचा असताना खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि पोतं माझ्या अंगावर आलं. दंडावर खूण अजून आहे.

तुमचं वाचून विचारतोय. कोयत्याला असं म्यान होईल का? पातं वाकडं आहे, पुढं रुंद आहे. बंद म्यानात जाणार नाही.

तेरणाकाठ
गुरुवार, २२ मे, सकाळी ६:१५

बालाघाट भाऊ, रात्री वाचलं, झोप लागली नाही. होईल. कसं होईल ते काकांना विचारून सांगतो. कोयता कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि त्याचा फोटो पाठव. शेजारी मोजपट्टी ठेव.

ताई, वाळूजकर साहेब, लिंबानं डाग निम्मे गेले. वादीचं या रविवारी करतो.

तेरणाकाठ
सोमवार, २६ मे, रात्री ९:३०

कोयत्याचा कागद घेऊन काकांकडे गेलो होतो. त्यांनी तो पेटीवर पसरला, बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्याला म्यान नको. ह्याच्या तोंडाला मोहरकी घाल."

मोहरकी म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधतात ती. इथं पूर्ण पातं झाकायचं नाही, फक्त धार. धारेच्या वाकाप्रमाणे दोन पट्ट्या कापायच्या, प्रत्येकी दोन इंच रुंद. बाहेरच्या कडेला मधली पट्टी घालून तिन्ही पदर शिवायचे. पाठीकडची बाजू पूर्ण उघडी. कोयता वरून आत बसतो, ओढून काढायचा नाही, उचलून काढायचा. मग दोन वाद्या, एक टोकाजवळ, एक मुठीजवळ, पाठीवरून घेऊन गुंडीत अडकवायच्या. दुमड नसल्यामुळे कुठल्याही वाकाला बसते, आणि माझ्यासारख्याला सुरीच्या म्यानापेक्षा सोपी आहे, कारण ओलं करून आकार द्यायचीच गरज नाही.

मधली पट्टी मात्र इथं दुहेरी घ्या, असं काकांनी दोनदा सांगितलं. ट्रॉलीत कोयता हादरत राहतो, धार एकाच जागी रात्रभर घासते.

गोदाकाठची
मंगळवार, २७ मे, दुपारी १:००

मोहरकी! किती वर्षांनी हा शब्द ऐकला.

बालाघाट, माझ्याकडे जाड वाद्यांचा एक जुडगा आहे, आजोबांच्या हातचा. वापरात नाही. पत्ता निरोपातून कळव, पाठवते. आधी एरंडेल लावून आठ दिवस ठेव, मगच वाकव.

तेरणाकाठ
रविवार, ५ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

बऱ्याच दिवसांनी येतोय. सप्टेंबरच्या पावसानं आमचं सोयाबीन पाण्याखाली होतं, धाग्याकडे बघायला सवड नव्हती.

म्यानाचं सांगतो, कारण याहून कठीण परीक्षा त्याला मिळाली नसती. अण्णा गुरांची दावी कापायला रात्री कमरेएवढ्या पाण्यात उतरले, म्यान कमरेला. सुरी वेळेवर हाताला लागली. दोन म्हशी आणि एक कालवड सुटली. दुसऱ्या दिवशी म्यान पाहिलं तर जड आणि काळपट झालं होतं. शिवण जागच्या जागी. चिकटवलेले पदर तोंडाशी बोटभर सुटले होते, तिथं पुन्हा सोल्युशन लावून दाबलं. सावलीत चार दिवस वाळवलं, एरंडेलाचा एक हात दिला. वाळताना थोडं आवळलं आहे, आता सुरी काढायला अण्णांना अंगठा लावावा लागतो. ते म्हणतात, असंच राहू दे.

वाळूजकर साहेब, टोकाचं भोक पाडलं होतं. त्यातून पाणी निथळताना मी पाहिलं. पात्यावर मुठीजवळ थोडा गंज आला, बाकी साफ.

काकांची पेटी पावसात भिजली, रापीची (चामडं कापायच्या हत्याराची) मूठ सुजून फुटली. बाभळीची नवी करून दिली आहे. शिकवण्याचे पैसे काका घेत नव्हते म्हणून त्या चार रविवारांचे मिळून एकदमच त्यांच्या डब्यात ठेवले.

बालाघाट
शनिवार, १ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दादा, ताई, आज ट्रॉली गेली.

मी सहा मोहरक्या केल्या. पहिल्या दोन वाकड्या झाल्या, भोकं जुळली नाहीत, त्या घरीच ठेवल्यात. चार कोयत्यांना बसल्या. आमचा एक, चुलत्याचा एक, शेजारच्या दोघांचे दोन. ताईंच्या वाद्या पुरल्या, दोन उरल्या.

मुकादमानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, गुंडी दोनदा काढून लावली. चुलतीनं तिच्या लहानग्याला ट्रॉलीत झोपवताना आधी कोयता चाचपून बघितला, मग पोतं त्याच्याकडं सरकवलं.

आई फोनवर विचारत होती, विळ्याला होईल का. विळ्याला करवतीसारखे दाते आहेत, ते मधल्या पट्टीत अडकतील असं मला वाटतंय. काकांना विचाराल का? माप उद्या पाठवतो.